आमच्या शजऱ्यातले बादशाह तालूत

मराठवाड्यातल्या पुष्कळ पठाण घरांत एक कागद जपून ठेवलेला असतो. कुठे तो भिंतीवर फ्रेममध्ये, कुठे कुरआन शरीफच्या जुजदानाशेजारी घडी करून. त्याला शजरा म्हणतात, म्हणजे वंशावळ. कागद नसला तरी घरातल्या वडीलधाऱ्यांना तो तोंडपाठ असतो. मागे मागे गेले की कैस अब्दुल रशीद हे नाव येते आणि त्याच्याही मागे थेट बनी इस्राईलचे बादशाह तालूत. थोडक्यात, पठाणांचे पूर्वज यहूदी होते, असे तो कागद सांगतो.

आमच्या सासूबाईंकडेही असा शजरा आहे. या उन्हाळ्यात माझ्या आठवीतल्या मुलीने तो वाचून काढला. आमचे घर एमआयडीसीला लागून. मुलांचे अब्बा सळईच्या कारखान्यात आहेत आणि महिन्यातले पंधरा दिवस रात्रपाळी. म्हणजे दिवसा घरात टीव्ही बंद आणि भांडीसुद्धा हळू घासायची. अशा घरात मुले वाचायला लागतात, त्यात आईच्या संस्कारांचा वाटा थोडाच. मुलीने हॅरी पॉटर संपवला, मग माझ्या माहेरची ‘तिलिस्मे होशरुबा’ काढली आणि तीही पुढे सरकेना तेव्हा दादीचा शजरा.

तो वाचून ती स्वयंपाकघरात आली आणि हळूच म्हणाली, “अम्मी, आपण यहूदी होतो? मैत्रिणींना सांगायचं नाही ना?”

गाझाच्या बातम्या आपल्या घरांत रोज पाहिल्या जातात. मुले ऐकतात, मोठ्यांच्या तोंडचा संताप ऐकतात आणि एका शब्दाला घाबरायला शिकतात. तिच्या आवाजात शरम होती, ती मला लागली. पण उत्तर देण्याआधी कागद खरा की खोटा, ते पाहणे आले.

आमच्या शेजारणी म्हणतात, जादूची पुस्तके मुलांना देऊ नका, डोके बिघडते. माझा अनुभव उलटा आहे. कादराबादेत माझे अब्बा इशानंतर होशरुबा मोठ्याने वाचत. 1883 पासून लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्यातून निघालेली ही दास्तान. अमर अय्यारची जंबील, म्हणजे सारे जग गिळणारी झोळी, आणि त्याची गिलीम, अंगावर घेताच माणूस दिसेनासा होतो. (हॅरीचा झगा अमर अय्यारकडूनच गेला, असे आमच्या मुलीचे ठाम मत आहे.) पण आम्हा भावंडांपैकी कुणीही गिलीम शोधत फिरले नाही. दास्तान ऐकून ऐकून दास्तान ओळखता येते, हा तिचा फायदा.

मुलीने शजऱ्यातही ती लगेच ओळखली. “अम्मी, हे तर कादंबरीसारखं आहे!” तालूत यांचे दोन मुलगे, बरखिया आणि इरमिया. इरमियाचा मुलगा अफगाना, तो हजरत सुलेमान (अलै.) यांचा सेनापती. बरखियाचा मुलगा आसिफ, तो वजीर. सूरह नम्लमध्ये बिल्कीसचे सिंहासन पापणी लवायच्या आत आणणारी जी व्यक्ती आहे, तिचे नाव बहुतेक मुफस्सिर आसिफ बिन बरखिया असे देतात. म्हणजे तो आमचा चुलत आजोबा! पुढे बुख्तनस्सरने बनी इस्राईलला हाकलले, ते घोरच्या डोंगरात गेले आणि त्यांच्यातलेच कैस पैगंबर साहेबांच्या (स.) भेटीला मदीनेला गेले.

ही सगळी कथा ज्या फारसी ग्रंथातून पसरली तो ‘मखजने अफगानी’. जहांगीरचा सरदार खानजहान लोदी याच्या आश्रयाने नियामतुल्लाह यांनी तो 1613 च्या सुमारास पुरा केला, तोही काबूल-कंदहारमध्ये नव्हे, आपल्या शेजारच्या बुऱ्हाणपुरात. दरबारात एका इराणी वकिलाने अफगाण ही देवांची, म्हणजे राक्षसांची अवलाद असे म्हटले, त्याला उत्तर म्हणून हा ग्रंथ लिहवून घेतला, अशी हकीकत सांगतात. राक्षसाच्या वंशजाला बादशाहाचा वंशज केले!

मुलीने वहीवर हिशेब मांडला. तालूत इसवी सनापूर्वी सुमारे 1000 वर्षे, कैस इसवी सन 620 च्या पुढे-मागे. मध्ये वंशावळीत 37 पिढ्या. भागिले तर एका पिढीला जवळजवळ 44 वर्षे. “प्रत्येकाला चव्वेचाळिसाव्या वर्षी मुलगा झाला?” दादी हसल्या. शिवाय पश्तो ही फारसीच्या कुळातली भाषा, हिब्रूच्या नव्हे. इतिहासकार हा शजरा मानत नाहीत, तो त्यामुळेच. दादींना मात्र तो फाडायचा नाही, आणि मलाही नाही. चारशे वर्षे जपलेली दास्तान आहे ती.

पण हिशेब चुकला म्हणून शरमेचा प्रश्न मिटत नव्हता. समजा शजरा खरा असता तर? म्हणून तिला हजरत सफिया (रजि.) यांची हकीकत सांगितली. उम्मुल मोमिनीन सफिया मदीनेच्या बनू नजीर या यहूदी कबिल्यातल्या. कुणी त्यांना यहूद्याची मुलगी म्हणून टोचले, त्या रडत होत्या. तिरमिजीच्या संग्रहात आहे की पैगंबर साहेबांनी (स.) त्यांना आठवण करून दिली, तुझे वाडवडील नबी, तुझे चुलते नबी. हारून आणि मूसा (अलै.) यांच्या घराण्यात शरमेसारखे काय आहे? मुलगी गप्प ऐकत राहिली. बातम्यांतल्या जुलमाचा राग येऊ दे, असेही मी तिला म्हटले, तो यायलाच हवा; पण तो जुलूम करणाऱ्यावर.

मग तिला खऱ्याखुऱ्या मराठी यहूद्यांबद्दल सांगितले. तिला ते माहीतच नव्हते. कोकणातले बेने इस्राएल. त्यांचीही एक दास्तान आहे: अलिबागजवळ नवगावला गलबत फुटले आणि सात जोडपी वाचली. तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. आडनावे पेणकर, किहीमकर, दिवेकर. नवस फेडताना मलिदा करतात, पोहे आणि ओल्या नारळाचा. 2016 साली त्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पश्चिम आशियाई आणि भारतीय असे दोन्ही वारसे निघाले. इथे मात्र दास्तानीत काही दम होता.

प्रार्थनाघराला त्यांच्याकडे मशीदच म्हणत. सामाजी हसाजी दिवेकर यांनी 1796 मध्ये मुंबईत पहिले बांधले, आणि मस्जिद स्टेशनचे नाव त्याच्यावरूनच पडले, असे सांगतात. 1948 नंतर बहुतेक लोक इस्रायलला गेले. तिथेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले.

शिक्षिका म्हणून मला सगळ्यात जवळची वाटते ती हाईम सॅम्युएल केहिमकर यांची शाळा. आपल्या समाजातल्या मुलांसाठी त्यांनी 1875 मध्ये ती मुंबईत सुरू केली. आज माझगावात ती सर एली कदुरी हायस्कूल या नावाने चालते आणि तिथले बहुतेक विद्यार्थी मुसलमान आहेत. हे ऐकून मुलगी म्हणाली, “आणि कुणी काही म्हणत नाही?”

दिवाळीच्या सुटीत मुरूडला माझ्या खालाकडे जायचे ठरले आहे. अब्बांना रजा मिळाली तर आधी अलिबागला उतरून नवगाव पाहू. मुलीने वहीत गावांची नावे लिहून ठेवली आहेत, आणि दादींनी तिला बजावले आहे की तिथल्या कुणाला 37 पिढ्यांचा हिशेब विचारायचा नाही.