पावडर लावून येऊ नका!

दुपारी खिडकीच्या फटीतून उन्हाची तिरीप घरात येते, तेव्हा तिच्यात धूळ नाचताना दिसते ना? आई म्हणते, “आत्ताच तर केर काढला!” तिचं खरंच असतं. ती धूळ हवेत कायमच असते, एरवी दिसत नाही इतकंच. आणि तिरिपेत दिसतात ते कण त्यातल्या त्यात दांडगे. बारके वस्ताद तर दिसतच नाहीत.

आता मनातल्या मनात एक खोकं घ्या. लांबी, रुंदी, उंची सगळी साधारण 30 सेंटीमीटर. ते घेऊन कोल्हापुरात रंकाळ्यावर जा, बिंदू चौकात जा, नाहीतर तुमच्या वर्गात ठेवा. खोक्यातल्या हवेत अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण लाखांनी सापडतील. उसाच्या गाळपाचा हंगाम असेल आणि कारखान्याची काजळी उडत असेल, तर विचारूच नका. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुमच्या डोक्यावरचा एक केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून काय ते समजा.

पण जगात अशाही खोल्या आहेत, जिथं त्याच खोक्यात असे कण जास्तीत जास्त 100 असतात. लाख नव्हे, फक्त शंभर! अशा खोलीला ‘क्लास 100’ची क्लीनरूम म्हणतात. मोबाइलच्या आतली चिप जन्माला येते ती अशाच खोल्यांत, आणि काही खोल्या तर याहूनही स्वच्छ असतात.

एवढी स्वच्छता कशाला, असं वाटलं ना? आत काय चालतं ते जवळून बघू. सिलिकॉनची गोल, आरशासारखी चकाकणारी चकती असते, तिला वेफर म्हणतात. ती एका छोट्या फिरत्या गादीवर ठेवतात. खालून हवा ओढून घेतल्यामुळं ती घट्ट धरली जाते. वरून प्रकाशाला संवेदनशील अशा पातळ रसायनाचे थोडे थेंब मधोमध सोडतात आणि गादी फिरवतात. किती वेगानं? मिनिटाला 3000-4000 फेरे! अर्ध्या मिनिटात रसायन चकतीभर पसरतं आणि साधारण एक मायक्रॉन जाडीचा एकसारखा थर उरतो. पण तेवढ्यात तिथं धुळीचा एखादा कण बसलेला असला, तर रसायन त्याला अडतं आणि त्याच्यामागं लांब शेपूट उमटतं. प्रयोगशाळेतली माणसं त्याला ‘कॉमेट’ म्हणतात, म्हणजे धूमकेतू. आकाशात धूमकेतू दिसला तर आपण पोरं गोळा करतो, इथं दिसला तर चकती धुवायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. हे सगळं चालतं पिवळ्या उजेडात, कारण ते रसायन निळ्या-जांभळ्या उजेडानं खराब होतं.

अशी खोली झाडूनपुसून होत नाही. झाडलं की धूळ उडते! ही अडचण सोडवली अमेरिकेतल्या विलिस व्हिटफिल्ड नावाच्या शास्त्रज्ञानं. तो कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. 1962 साली, म्हणजे कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ सुरू झालं त्याच वर्षी, त्याची युक्ती जगापुढं आली. छतातून गाळलेली हवा सरळ खाली सोडायची आणि जमिनीतल्या जाळीतून बाहेर काढायची. एकसारखी, न थांबता. धूळ बसायच्या आतच हवेबरोबर निघून जाते. बस्स, एवढंच! मला ही युक्ती चिपपेक्षाही भारी वाटते. शिवाय आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी हवा बाहेर जाते, धूळ आत येत नाही.

आता ओळखा, या खोलीत सगळ्यात जास्त घाण कोण करतं? माणूस! आपण नुसते बसलो तरी कातडीचे, कपड्यांचे बारीक कण अंगावरून झडतच असतात. म्हणून आत जाणाऱ्याला आधी केस झाकणारी टोपी, मग मास्क, हूड, पायघोळ सूट, बूट आणि हातमोजे असा सगळा वेष चढवावा लागतो. फक्त डोळे दिसतात, तेही चष्म्याआड. पावडर लावलेली चालत नाही. शिसपेन्सिल चालत नाही. साधी वहीसुद्धा नाही, कारण कागदाचे तंतू सुटतात, त्यासाठी वेगळा कागद मिळतो.

आणि एक गंमत. आपल्या कोल्हापूरच्या गुजरीत, सराफांच्या पेठेत, सोन्याला केवढा मान! पण क्लीनरूममधल्या सिलिकॉनच्या भट्टीत सोन्याचा थर असलेली चकती घालायला सक्त मनाई. तापलेल्या सिलिकॉनमध्ये सोनं फार झटकन शिरतं आणि चिपमधले ट्रान्झिस्टर बिघडवतं. भट्टीला एकदा ते लागलं की नंतरच्या सगळ्या चकत्या बाद. म्हणून सोन्याच्या कामाचे चिमटे वेगळे, भांडी वेगळी. घामातल्या मिठाचंही तेच, त्यातलं सोडियम चिपचं काम बिघडवतं.

हे सगळं सांभाळणं महागडं आहे. पंखे रात्रंदिवस चालू. गाळण्या बदलायच्या, विषारी वायूंवर नजर ठेवायची, पंप बिघडला तर दुरुस्त करायचा, नव्या विद्यार्थ्याला शिकवायचं आणि त्यानं चूक केली तर शांत राहायचं. प्रत्येक यंत्राला एक नोंदवही असते. कुणी, कधी, काय केलं, ते त्यात लिहायचंच. संशोधकाचं नाव छापून येतं, पण ही वही आणि ते यंत्र सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला कुणी विचारत नाही. हे मला पटत नाही.

एवढा खर्च प्रत्येक विद्यापीठाला कसा झेपणार? नाहीच झेपत. मग काय करायचं, ते कोल्हापुरातल्या आपल्या उद्यमनगरच्या कारखानदारांना विचारा! तिथं एकाकडं लेथ असतं, दुसऱ्याकडं मिलिंग, तिसऱ्याकडं हार्डनिंगची भट्टी. सगळी यंत्रं एकाच्याच शेडमध्ये नसतात, जॉब या दारातून त्या दारात फिरतो आणि शेवटी पार्ट तयार होतो. क्लीनरूमवाल्यांनीही हेच केलं.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठानं 1977 सालीच अशी प्रयोगशाळा बाहेरच्या संशोधकांसाठी उघडली. 2015 साली अमेरिकेत अशा 16 केंद्रांचं जाळं उभं राहिलं. आपल्याकडं 2006 साली पवईच्या आयआयटी मुंबईत आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची, म्हणजे अतिसूक्ष्म इलेक्ट्रॉनिक भाग बनवण्याची, केंद्रं उभी राहिली. 2008 साली त्यांची दारं देशभरातल्या विद्यार्थ्यांना उघडली गेली. त्या योजनेचं नाव ‘इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूजर्स प्रोग्रॅम’, थोडक्यात आयएनयूपी. पुढं दिल्ली, मद्रास, खरगपूर आणि गुवाहाटीच्या आयआयटीही त्यात आल्या.

शिवाजी विद्यापीठात नॅनोसायन्सचा विभाग आहे. तिथं ‘मेमरिस्टर’वर काम चालतं. वीज गेली तरी स्वतःतून किती वीज वाहिली होती ते लक्षात ठेवणारा हा इवलासा भाग. असे पातळ थर कोल्हापुरातच बनतात. पण एखाद्या ताईला त्याहून नाजूक रेषा कोरायच्या असतील, तर ती आयएनयूपीला अर्ज करू शकते. आधी ओळखीची कार्यशाळा, मग प्रत्यक्ष यंत्रावर सराव, मग स्वतःचा प्रकल्प. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसायचं, सॅम्पलची डबी जपायची, सकाळी मुंबई! तिथं यंत्राची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते, तिला ‘स्लॉट’ म्हणतात. आपला स्लॉट चुकला की पुढच्याची पाळी. कुणाकडं कुठलं यंत्र आहे, हे शोधायला 2020 पासून ‘आय-स्टेम’ नावाचं देशव्यापी पोर्टलही आहे.

28 फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. त्याच्या आधी शाळेतर्फे जवळच्या विद्यापीठाला एक पत्र लिहा आणि प्रयोगशाळा बघायला मिळेल का ते विचारा. क्लीनरूम असलीच तर बहुतेक काचेतूनच बघावी लागेल, रुसू नका. आणि तिथल्या तंत्रज्ञ काकांना किंवा मावशींना यंत्राची किंमत विचारण्यापेक्षा, ते बंद पडलं की तुम्ही काय करता, हे विचारा. खऱ्या गमतीजमती त्यांच्याकडूनच ऐकायला मिळतील.