उन्हाळ्याचीं बिनखर्चाचीं सुखें

हरभऱ्याची मळणी झाली, ज्वारीचा कडबा गंजीस लागला आणि दारांत गुढी उभी राहिली, म्हणजे पूर्वीं शेतकऱ्याच्या पाठीस थोडी उसंत मिळत असे. आतां तशी उसंत राहिली नाहीं. कुकडी प्रकल्पाचें पाणी जुन्नर तालुक्यांत खेळूं लागल्यापासून चैत्र हा उन्हाळ कांद्याच्या काढणीचा महिना झाला आहे. तरीहि बेल्हे व आसपासच्या गांवीं या दिवसांत कांहीं सुखें अशीं आहेत कीं, त्यांस पैसा पडत नाहीं आणि त्यांकरितां गांवाबाहेर फार लांब जावेंहि लागत नाहीं. हीं सुखें फुकट दिसतात. परंतु नीट पाहिलें असतां प्रत्येकाच्या मागें कोणीतरी राखलेलें एखादें झाड, बांधलेली विहीर किंवा केलेले कष्ट असतात. तें मूळ राखलें नाहीं तर सुख जातें, आणि एकदां गेलेलें पैसे मोजूनहि परत मिळत नाहीं. हाच हिशेब आम्ही वाचकांपुढें मांडूं इच्छितों.

पहिलें सुख गार पाण्याचें. आमच्या पूर्वेकडील भागांत चैत्र-वैशाखाचा वारा कोरडा असतो. मातीच्या माठास अतिशय बारीक छिद्रें असतात. त्यांतून पाझरलेलें पाणी बाहेरच्या अंगास येऊन वाळतें, आणि वाळतांना आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातें. हवा जितकी कोरडी, तितकें पाणी गार. कोंकणच्या दमट हवेंत माठाचें पाणी आपल्याइतकें गार होत नाहीं, याचें कारण हेंच. यासाठीं माठ कोंडलेल्या खोलींत ठेवूं नये. पडवींत, वाऱ्याच्या झुळकेंत, ओल्या वाळूवर ठेवावा. शोभेसाठीं त्यास रंग दिल्यास छिद्रें बुजतात व माठ निकामी होतो. पाण्यांत वाळ्याची लहानशी जुडी टाकावी, म्हणजे दुसऱ्या सरबताची गरज राहत नाहीं. अक्षय तृतीयेस पितरांच्या नांवानें पाण्यानें भरलेलें मातीचें भांडें देण्याची चाल आहे. उन्हाळ्यांत पाण्याहून मोठें दान नाहीं, हा तिचा अर्थ. ज्याचें शेत रस्त्याला लागून आहे, त्यानें वाटसरूंसाठीं एक रांजण भरून ठेवला तर ती चाल पाळल्यासारखी होईल.

दुसरें सुख वाळवणाचें. गहूं तीन दिवस भिजत घालून वाटावयाचे, त्यांचा चीक काढावयाचा, तो शिजवून सोऱ्यांतून कुरडया पाडावयाच्या, हें काम पहांटेस सुरू होतें. गरम चीक वाटींत घेऊन, कोणी दूधसाखर घालून तर कोणी नुसत्या मिठावर, खाण्यास मुलें टपून बसलेलीं असतात. पापडाच्या लाट्या तेलांत बुडवून खाण्यांत जी गोडी आहे, ती तळलेल्या पापडांत नाहीं, असें आमचें मत आहे. परंतु हें सुख घरधन्यास फुकट असलें तरी घरधनिणीस फुकट नाहीं. शिजता चीक ढवळीत राहणें हें मनगट मोडणारें काम आहे. चार घरच्या बायका पाळीपाळीनें एकमेकींच्या अंगणांत जमतात, म्हणूनच तें हसतखेळत पार पडतें. त्या दिवशीं घरांतील धडधाकट पुरुषांनीं ढवळण्याचा दांडा तासभर हातीं घेतल्यास त्यांची प्रतिष्ठा कमी होणार नाहीं.

तिसरें सुख सावलीचें. चैत्रांत कडुनिंब फुलतो आणि त्याचा मंद वास सांजेस अंगणभर पसरतो. बांधावरच्या रायवळ आंब्यास कैऱ्या लगडतात. पुढें वैशाखांत पाड पडूं लागतो, आणि पाड ज्यास सांपडेल त्याचा, हा मुलांचा कायदा सर्व दिवाणी कायद्यांहून जुना आहे. महसूल खात्यांत कारकुनी करतांना आम्हीं पीकपाहणीच्या शेऱ्यांत आंबा, चिंच यांच्या नोंदी पुष्कळ पाहिल्या. एका आंब्यांत चार भावांचे हिस्से आणि त्यांवरून तंटे, हेंहि पाहिलें. असे कित्येक तंटे आतां आपोआप मिटले आहेत, कारण झाडच उरलें नाहीं. वाटण्यांनीं बांध अरुंद झाले, ट्रॅक्टरास वळावयास जागा हवी झाली, सावलीखालीं कांदा पोसत नाहीं अशी तक्रार आली. ती तक्रार खोटी नाहीं. परंतु त्याचा उपाय झाड योग्य जागीं लावणें हा आहे. घराच्या व गोठ्याच्या पश्चिमेस कडुनिंब लावल्यास दुपार कलल्यावरचें ऊन अडतें आणि जनावर स्वस्थ रवंथ करतें. शिवाय निंबोळ्या मिळतात. पांच किलो निंबोळीचूर्ण शंभर लिटर पाण्यास, या प्रमाणानें रात्रभर भिजवून गाळलेला अर्क पिकांवरील किडीस उपयोगी पडतो, हें आपणांपैकीं अनेकांस ठाऊकच आहे. आंबा, चिंच व जांभूळ हीं झाडें १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचींत आहेत, तेव्हां स्वतःच्या गटांतलें असलें तरी परवानगीवांचून तीं तोडतां येत नाहींत, हेंहि खातेदारानें लक्षांत ठेवावें.

चौथें सुख विहिरीचें. पूर्वीं पोहावयास शिकणाऱ्या पोराच्या पाठीस वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचें हलकें लांकूड बांधीत; आतां प्लॅस्टिकचा रिकामा डबा बांधतात. कालव्याचें उन्हाळी आवर्तन सुटलें कीं जवळपासच्या विहिरींस पाझर येतो आणि दुपारभर पोरांचा गलका ऐकूं येतो. परंतु बोअर आल्यापासून कित्येक जुन्या विहिरींचे कठडे पडले ते पडलेच. अशा उघड्या विहिरींत मूल पडतें, वासरूं पडतें, रात्रीं बिबट्याहि पडतो. कठड्याच्या दगडसिमेंटास लागणारा खर्च एका दुर्घटनेपुढें कांहींच नाहीं. आणि पोहणारें मोठें माणूस कांठावर असल्यावांचून मुलांस पाण्यांत उतरूं देऊं नये.

पांचवें सुख चार लोकांत मिसळण्याचें. बेल्ह्याचा सोमवारचा बाजार बैलांसाठीं प्रसिद्ध आहे. बैल घ्यावयाचा नसला तरी शिंगें, खांदा आणि चाल पारखीत बाजारभर हिंडण्यास कोणी मना करीत नाहीं. पश्चिमेस आळें येथें, ज्ञानेश्वर महाराजांनीं ज्याच्या मुखें वेद वदविले अशी कथा आहे त्या रेड्याची समाधि असून, चैत्रांत तेथें यात्रा भरते. नारायणगांवीं पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, आणि गांवोगांवचे पंच यात्रेची सुपारी ठरविण्यास तेथें येतात. यात्रांतील बैलगाड्यांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजीं बंदी घातली होती. १६ डिसेंबर २०२१ रोजीं त्यांस पुन्हा मुभा मिळाली व १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें राज्याचा कायदा ग्राह्य ठरविला. परंतु ही मुभा नियमांनीं बांधलेली आहे. बैलास टोचणी किंवा मार देऊन मिळविलेला नंबर हा खऱ्या शौकिनाचा नव्हे, आणि त्यामुळें सगळ्यांचेंच सुख पुन्हा जाण्याचा धोका आहे.

शेवटचें सुख रात्रीचें, आणि तेंच आज सर्वांत धोक्यांत आहे. उन्हाळ्यांत खळ्यांत किंवा अंगणांत बाज टाकून निजावें, उत्तरेस सप्तर्षि पहावे, त्यांच्या शेपटाच्या वळणानें खालीं येत तांबूस स्वाति व पुढें पांढरी चित्रा गांठावी, हें ज्ञान आमच्या पिढीस पुस्तकांवांचून मिळालें. चैत्राची पौर्णिमा चित्रेजवळ व वैशाखाची विशाखेजवळ होते, म्हणून महिन्यांस तीं नांवें पडलीं. याच तालुक्यांत खोडद येथें टाटा मूलभूत संशोधन संस्थेची रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या त्या परिसरांत पसरल्या असून त्या आकाशांतून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपतात. परंतु ज्या कालव्यानें ऊंस आणला, त्याच उंसानें बिबट्यास आसरा दिला. २००१ च्या सुमारास जुन्नर वनविभागांत माणसांवरील हल्ले एकदम वाढले. माणिकडोहचें बिबट निवारा केंद्र हें त्या संकटाचें आजचें स्मारकच होय. जुन्या हौसेपायीं आज उघड्या अंगणांत निजणें, विशेषतः मुलांस निजविणें, हें शहाणपण नव्हे. निजावयाचें तर गच्चीवर, जिन्याचें दार लावून निजावें. गोठा बंदिस्त करावा. घराभोंवतीं रान व उष्टेंखरकटें सांचूं देऊं नये, कारण त्यावर कुत्रीं येतात आणि कुत्र्यांमागें बिबट्या येतो. घराच्या अगदीं भिंतीपर्यंत ऊंस लावण्याचा मोहहि आवरावा. चार सरी ऊंस कमी झाला तरी चालेल. अंगण मोकळें राहिलें पाहिजे.

वाचक बंधूंनो, मृगास अजून अवकाश आहे. कांद्याचे पैसे हातीं येतील त्यांतून खत, बियाणें, सोसायटीचा हप्ता हें सर्व आपण मांडालच. त्याच कागदावर खालीं आणखी चार ओळी लिहाव्या: गोठ्यापाशीं एक कडुनिंब, विहिरीस कठडा, रस्त्यावर पाण्याचा रांजण, घराभोंवतीं मोकळी जागा. हा खर्च सातबाऱ्यावर चढत नाहीं आणि त्याचें उत्पन्न बाजारसमितींत मोजलें जात नाहीं. तथापि दहा वर्षांनीं मुलें शहरांतून सुट्टीस घरीं आलीं, तर तीं कोणत्या झाडाखालीं बसतील, हें याच ओळींवरून ठरणार आहे.