अठरा अक्षरांत सातही समुद्र

दोन अक्षरं, सात कोटी डॉलर! ‘एआय डॉट कॉम’ हे नाव क्रिप्टो डॉट कॉमच्या संस्थापकानं २०२५च्या एप्रिलमध्ये एवढे पैसे मोजून घेतलं. आपल्या हिशेबात सुमारे सहाशे कोटी रुपये. एका अक्षराला तीनशे कोटी. डोळ्यांसमोर काही येतंय? मुळीच नाही. तेव्हा सरळ नोटा मांडायला घेऊ. सुरत स्टेशनात रुळाशेजारी पाचशेची एक नोट लांबीत ठेवा, तिला चिकटून दुसरी, मग तिसरी. नवसारी गेलं, वलसाड गेलं, वापी, डहाणू, विरार मागे पडलं, मुंबई आली. थांबायचं नाही. कर्जत गाठा, खंडाळ्याचा घाट चढा, थेट पुण्यापर्यंत मांडत जा. थप्पीचा जेमतेम चौथा हिस्सा संपलाय! मग पुण्याहून उलटे सुरतेपर्यंत या. अजून निम्मी थप्पी हातात. पुन्हा पुणे, पुन्हा सुरत. एक कोटी वीस लाख नोटा, अठराशे किलोमीटर. आणि बदल्यात मिळालं काय, तर ए आणि आय.

आता गंमत ऐका. डॉट कॉम नावाचं वर्षाचं घाऊक भाडं २०२४च्या सप्टेंबरपासून १० डॉलर २६ सेंट आहे. सहाशे कोटींच्या नावाला तेवढंच, आणि आपल्या गल्लीतल्या फरसाणवाल्याच्या नावालाही तेवढंच. किरकोळीत ते हजार रुपयांच्या आसपास पडतं. हजार रुपयांना घ्यायचं, धरून ठेवायचं, गरजू गिऱ्हाईक आलं की हवा तो भाव सांगायचा. डोमेनचा धंदा म्हणतात तो एवढाच.

सुरतेला हे शिकवायला नको. सतराव्या शतकात इथला वीरजी व्होरा हेच करत होता. मिरी, लवंग, जे हाती लागेल त्याचा सगळाच्या सगळा साठा उचलायचा आणि मग बाजाराला आपल्या दाराशी यायला लावायचं. ईस्ट इंडिया कंपनीचे वखारवाले त्याच्या नावानं बोटं मोडत आणि त्याच्याकडूनच कर्ज काढत. ऐंशी लाखांची आसामी, तीही त्या काळच्या रुपयांत! १६६४च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा पहिल्या काही घरांत वीरजीचं घर होतं, ते उगाच नाही. पण वीरजीला मिरी साठवायला वखारी लागल्या. महिधरपुऱ्यात रस्त्यावर उभा राहून सौदा करणाऱ्याला निदान कागदाचं पडीकं तरी लागतं, त्यात हिरा तरी असावा लागतो. डोमेनवाल्याच्या पडीक्यात काहीच नाही. नुसती अक्षरं.

अक्षरं तरी किती म्हणता? चला, मोजू. एक नाव म्हणजे पाण्याचा एक थेंब, आणि औषधवाल्यांच्या हिशेबानं वीस थेंबांचा एक मिलिलिटर. इंग्रजी अक्षरं २६. आकडे आणि मधली आडवी रेघही चालते, पण ती सध्या बाजूला ठेवू.

एका अक्षराची नावं २६. त्यांतली वापरात फक्त तीन, क्यू, एक्स आणि झेड. बाकीची १९९३ सालीच कुलूपबंद झाली. निस्सानकडचं झेड डॉट कॉम २०१४मध्ये जपानच्या जीएमओ कंपनीनं ८० कोटी येनला घेतलं. हे तीन थेंब म्हणजे नुसती जीभ ओली. दोन अक्षरांची नावं ६७६, अर्धी कटिंग. तीन अक्षरांची १७,५७६, एक तांब्या. चार अक्षरांची ४,५६,९७६, एक बादली आणि वर थोडं. संपलं! हा तांब्या आणि ही बादली केव्हाच रिकामी झालीय. यातलं कोणतंही नाव आज हवं असेल, तर ते कुणाच्या तरी खिशातून काढावं लागतं, आणि तो खिसा सहज उघडत नाही.

पुढे चला. पाच अक्षरांची एक कोटी १८ लाख ८१ हजार ३७६. एका साध्या प्लास्टिकच्या टाकीत मावतील, सहाशे लिटर. पण माणसांत मोजा. ‘सुरत’ लिहून त्यापुढे कोणतीही पाच अक्षरं जोडली, तरी नावं तेवढीच होतात. २०११च्या जनगणनेत सुरतेची वस्ती पावणेपंचेचाळीस लाखांच्या आसपास. म्हणजे घारी खाणाऱ्या प्रत्येक सुरतकराला दोन-दोन नावं वाटून वर एकोणतीस लाख उरली! सहा अक्षरांची ३० कोटी ८९ लाख, दोन मोठे टँकर. सात अक्षरांची ८०३ कोटी, म्हणजे जवळपास जगाच्या लोकसंख्येएवढी. वीस फूट व्यासाची, तीस-तेहतीस फूट पाणी असलेली दीड विहीर काठोकाठ. ही ८०३ कोटी नावं सेकंदाला एक या वेगानं आज वाचून संपवायची असतील, तर वाचायला सुरुवात थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत करायला हवी होती. जेवण नाही, झोप नाही. आठ अक्षरांची वाचायला साडेसहा हजार वर्षं, म्हणजे हडप्पाच्या नगरांची पहिली वीट पडण्याच्याही आधी बसा.

आणि आता जरा धरून बसा. बारा अक्षरं. साधं, आटोपशीर, पाटीवर छान बसेल असं बारा अक्षरी नाव. अशी नावं किती, तर त्यांच्या थेंबांनी उकाई धरण दोन-तृतीयांशाला थोडं कमी भरतं. उकाई! जिचं पाणी अख्खं सुरत पितं त्या तापीवरचं, ७,४१४ दशलक्ष घनमीटरांचं. तेरा अक्षरं घेतली तर एक उकाई पुरत नाही, सोळा लागतात आणि सतरावंही अर्ध्यावर जातं. चौदा, पंधरा, सोळा, सतरा. दर पावलाला सव्वीस पट. आणि अठराव्या अक्षराला अरबी समुद्र, बंगालचा उपसागर, हिंदी, पॅसिफिक, अटलांटिक, ध्रुवांकडचे बर्फाळ महासागर, पृथ्वीवरचं सगळं खारं पाणी भरतं आणि काठावरून वाहू लागतं.

नियमानं एका नावाला अक्षरं चालतात त्रेसष्ट! पण तिकडे शेवटी जाऊ.

एवढ्या समुद्रातून माणसांनी आजवर उचललंय किती? २०२४ संपताना डॉट कॉमची नोंदलेली नावं होती साधारण १५ कोटी ६० लाख. थेंबांत मोजली तर एक टँकर. दुष्काळात गावात येतो तसा, आठ हजार लिटरचा एकच टँकर. समुद्रापुढे ही मिजास! पण हीच नावं माणसं धरा आणि गाडीत बसवा. एका गाडीत दोन हजार उतारू, गाडीची लांबी अर्धा किलोमीटर. ७८ हजार गाड्या. एकीला एक जोडून उभ्या केल्या तर ३९ हजार किलोमीटर, विषुववृत्ताला वेढा घालायला हजारभर किलोमीटर कमी. उधन्याच्या फाटकापाशी उभे राहा आणि दर पाच मिनिटांनी एक गाडी सोडा. दिवस-रात्र, न थांबता. शेवटचा डबा जायला नऊ महिने लागतील.

या प्रत्येक उतारूचं वर्षाचं तिकीट त्या १० डॉलर २६ सेंटांचं. डॉट कॉमची वही सांभाळणारी अमेरिकेतली व्हेरिसाइन कंपनी २०२४मध्ये दीड अब्ज डॉलरच्या वर गल्ला जमवून गेली, सुमारे १३ हजार कोटी रुपये. सुरतेचं डायमंड बोर्स आठवा. १७ डिसेंबर २०२३ला उद्घाटन झालेलं, नऊ मनोऱ्यांचं, साडेचार हजारांवर कचेऱ्यांचं, पेंटागॉनहून मोठं. त्याला खर्च आला सुमारे ३,४०० कोटी. म्हणजे एका वर्षाच्या नावांच्या भाड्यात जवळपास चार बोर्स उभी राहतील, आणि हे भाडं गोळा करायला हजाराच्या आत माणसं! इथे हिऱ्याच्या घंटीवर लाखो कारागीर पाठ मोडून बसतात, तिकडे माणशी तेरा कोटींच्या वर गल्ला. घंटीवर बसणाऱ्याला हा आकडा सांगू नये हे बरं.

मग आपणही उतरावं का? या, वही उघडू. एक हजार नावं घ्या, दोन-तीन शब्द जोडून केलेली, ऐकायला झकास. वर्षाचं भाडं दहा लाख रुपये. या धंद्यात मुरलेले सांगतात, की चांगल्या साठ्यातलीही वर्षाला शंभरातली एक, फार तर दोन नावं विकली जातात. म्हणजे तुमची दहा गेली म्हणू. विक्रीचा मंच दलाली १५ ते २५ टक्के कापतो. नुसतं भाडं वसूल व्हायला प्रत्येक नाव सव्वा लाखाला जायला हवं! गेलं नाही तर? पुढच्या वर्षी उरलेल्या ९९०चं भाडं, पुन्हा दहा लाखांना दहा हजार कमी. रिंग रोडवरचा कापडवाला पडून राहिलेला माल शेवटी किलोवर तरी काढतो. इथे किलोच नाही. भाडं थकलं की नाव हातचं जातं, बस.

आणि किती नावं अशी जातात! डॉट कॉम-डॉट नेटच्या दर चार नावांतलं साधारण एक मालक सोडून देतो. दिवसाला लाखाच्या घरात, सेकंदाला एकाहून जास्त. हे वाक्य वाचेपर्यंत दोन-तीन सुटली. साधारण तेवढीच नवी नोंदलीही गेली. सोडलेलं नाव लगेच मोकळं होत नाही. मुदत संपल्यावर आधी सवलतीचे दिवस, मग ३० दिवस दंड भरून परत घ्यायची सोय, मग ५ दिवस नुसती वाट. त्यानंतर एका दुपारी, अमेरिकेतल्या दुपारी, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीच्या आसपास, ते सुटतं. त्यातलं चांगलं नाव एक सेकंदही मोकळं राहत नाही. त्याच्यावर यंत्रं तुटून पडतात, सेकंदाच्या हजाराव्या हिश्शांची झटापट. नावं नोंदवायच्या एका परवान्यावर ठरावीक वेळाच दार ठोठावता येतं, म्हणून डेन्व्हरच्या एका कंपनीनं २०१६मध्ये काय केलं? एका फटक्यात आणखी पाचशे परवाने घेतले! प्रत्येकाची अर्जाची फी ३,५०० डॉलर, एकूण तेव्हाचे पावणेबारा कोटी रुपये. नुसतं दार जास्त वेळा ठोठावता यावं म्हणून.

दुसऱ्याच्या प्रसिद्ध नावाशी खेळायला जाल तर मात्र कोर्टाची पायरी. ‘रेडिफ’ला ‘रॅडिफ’ करून बसलेल्यांना मुंबई उच्च न्यायालयानं १९९९मध्येच रोखलं. जिनिव्हाच्या वायपो या संस्थेकडे असे तंटे आता वर्षाला सहा हजारांवर येतात, सुट्ट्या धरूनही दिवसाला सोळा-सतरा. २०२३मध्ये दिल्लीच्या एका तरुणानं जिओ आणि हॉटस्टार एक होणार हा अंदाज बांधून दोघांचं जोडनाव आधीच घेऊन ठेवलं आणि केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला. अंदाज अचूक, पण रिलायन्सकडून पैसे शून्य. पुढे ते नाव दुबईतल्या दोन शाळकरी भावंडांकडे गेलं, आणि त्यांनी ते रिलायन्सला फुकट देऊ केलं. सगळ्यात महाग नावांच्या बाजारातला सगळ्यात स्वस्त सौदा.

आता त्या त्रेसष्टकडे. अक्षरं, आकडे, रेघ सगळं धरून त्रेसष्ट जागा भरल्या, तर नावं होतात सहाच्या पुढे ९८ शून्यं. आपल्या लीलावतीत भास्कराचार्यांनी संख्यांची शिडी परार्धापर्यंत नेली. परार्ध म्हणजे एकावर १७ शून्यं, आणि तिथे शिडी संपते. इथे परार्धाला परार्धानं गुणा, पुन्हा, पुन्हा, पुन्हा, तरी ८५ शून्यंच होतात. दिसणाऱ्या साऱ्या विश्वातले अणू शास्त्रज्ञ एकावर ८० शून्यं धरतात, आपण विश्वास ठेवू. सगळी नावं त्या अणूंना वाटायला बसलो, तर प्रत्येक अणूच्या वाट्याला साठ परार्ध डॉट कॉम येतात. तुमच्या नखातल्या प्रत्येक अणूला. साठ. परार्ध.

एकावर १०० शून्यं दिली की त्या संख्येला गूगॉल म्हणतात. आपण तिथून फक्त सोळा-सतरा पट मागे आहोत! १९९७मध्ये स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांना हेच नाव हवं होतं. ते मोकळं आहे का बघताना त्यांच्या मित्रानं स्पेलिंग चुकवलं, चुकलेलं नाव मोकळं निघालं, आणि १५ सप्टेंबर १९९७ला गूगल डॉट कॉमची नोंद झाली. अठरा वर्षांनी, २९ सप्टेंबर २०१५च्या रात्री एक वाजून वीस मिनिटांनी, कच्छमधल्या मांडवीचा सन्मय वेद अमेरिकेत जागा होता आणि गूगलच्याच दुकानात नावं चाळत होता. गूगल डॉट कॉम उपलब्ध, असं पडद्यावर आलं. किंमत बारा डॉलर, तेव्हाचे आठशे रुपये. त्यानं कार्ड घासलं, पैसे गेले, नाव त्याचं झालं! साधारण मिनिटभरानं सौदा रद्द झाला. गूगलनं नंतर त्याला बक्षीस देऊ केलं ६,००६ डॉलर १३ सेंट. हे आकडे इंग्रजीत लिहून अक्षरांसारखे वाचले की त्यातूनही गूगलच निघतं. त्यानं ते पैसे दान करायचं ठरवलं, तर कंपनीनं रक्कम दुप्पट केली. मिनिटभराच्या मालकीवर एक हजार एक पट.