धमनीच्या भिंतींतील हांक

हृदयाच्या धमनींत स्टेंट, म्हणजे धातूची जाळीदार नळी, बसविलेला एखादा माणूस शेजारींपाजारीं आढळणें आज शिवेस किंवा दादरास नवलाचें राहिलेलें नाहीं. असे गृहस्थ बरे होऊन हिंडूं-फिरूं लागले, कीं घरांत प्रश्न निघतो : दुखणें गेलें, मग या रोजच्या गोळ्या कशाला? या प्रश्नाचें उत्तर धमनीच्या भिंतींत राहणाऱ्या एका पेशीच्या स्वभावांत आहे. तो स्वभाव आज आपणांस सांगावयाचा आहे.

धमनीची भिंत तीन पदरी असते. आंतला पदर चपट्या पेशींचा, एकेरी व गुळगुळीत. त्यावरून रक्त न गोठतां वाहतें. बाहेरचा पदर तंतूंच्या बांधणीचा. मधल्या पदरांत अरेखित स्नायूंच्या पेशी धमनीभोंवतीं वेढे घालून बसलेल्या असतात. त्या आकुंचन पावल्या कीं वाट अरुंद होते, सैल पडल्या कीं रुंद. एरवीं त्या जागा सोडीत नाहींत. परंतु आंतल्या पदरास जखम झाली, कीं हें काम टाकून त्या वाढूं लागतात व जखमेकडे चालूं लागतात.

त्यांस हांक कोण मारतें? १९७४ सालीं अमेरिकेंत रसेल रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें, कीं रक्त गोठवितांना प्लेटलेट नांवाच्या सूक्ष्म कणांतून जें द्रव्य सुटतें, त्यानें या पेशी वाढीस लागतात. प्लेटलेट वगळलेल्या द्रवांत त्या जवळजवळ स्वस्थ राहतात.

गिरणगांवांत गिरण्या चालू होत्या त्या काळीं भोंगा साऱ्या वस्तीस ऐकूं जाई. परंतु ज्याची पाळी असे तोच उठून निघे. येथेंही तसेंच आहे. ज्या पेशीजवळ या द्रव्यास जुळणारा ग्राही आहे, तीच उत्तर देते. ग्राही म्हणजे पेशीच्या आवरणांत आरपार रोवलेला प्रथिनाचा रेणु. एक टोंक बाहेर, एक आंत. बाहेरचें द्रव्य दोन ग्राही एकत्र आणतें, आणि त्यांचीं आंतलीं टोंकें एकमेकांवर फॉस्फेटाची खूण करतात. द्रव्यास त्यासाठीं आंत शिरावें लागत नाहीं; खुणेवरून निरोप हातोहात पुढें जातो. त्याचा एक फांटा केंद्रकाकडे जाऊन पेशीस दुभंगावयास लावतो. दुसरा पेशींतील ॲक्टिनच्या धाग्यांकडे जातो. जिकडे द्रव्य दाट, तिकडे हे धागे वाढतात. पेशी पुढची कड रेटते, पकड घेते आणि मागचा भाग ओढून घेते.

यांत वाईट असें कांहीं नाहीं. जखम भरते ती अशीच. परंतु तीन मिलिमीटरांच्या धमनींत चहूंबाजूंनीं अर्ध्या मिलिमीटराची भर पडली, तरी वाट निम्म्याहून कमी उरते. १६ सप्टेंबर १९७७ रोजीं झुरिक येथें आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनीं फुग्यानें हृदयधमनींतील अडथळा दूर केला. त्या उपचारानंतर सुमारें तिघांतील एकाची वाट कांहीं महिन्यांत पुन्हां अरुंद होई. कारण फुग्याचा ताण हीहि एक जखमच. भिंत आक्रसूं नये म्हणून स्टेंट आला, तर पेशी त्याच्या जाळींतून आंत येऊं लागल्या.

यावर तोडगा निघाला तो पेशीस न मारतां तिचा निरोप अडविण्याचा. ईस्टर बेटाच्या मातींतील सूक्ष्मजीवापासून मिळालेलें सिरोलिमस नांवाचें औषध पेशीच्या आंत निरोपाचा एक टप्पा रोखतें. त्याचा लेप दिलेला स्टेंट १९९९ सालीं ब्राझिलांत प्रथम माणसास बसविण्यांत आला, आणि पुन्हां अरुंद होण्याचें प्रमाण पुष्कळ घटलें.

मात्र निरोप अडविणारें औषध आपपर ओळखत नाहीं. आंतल्या पदराच्या ज्या पेशींनीं धातूवर पांघरूण घालावयाचें, त्यांचेंही काम त्यामुळें लांबतें. तोंवर उघड्या धातूवर रक्ताची गांठ धरून धमनी अकस्मात् बंद पडण्याचें भय असतें. त्या गोळ्या प्लेटलेटांस एकत्र चिकटूं देत नाहींत, त्या यासाठींच. त्यांची मुदत डॉक्टर रुग्ण पाहून ठरवितात; दुसऱ्या कांहीं कारणास्तव, दांत काढण्यासाठींसुद्धां, त्या थांबविण्यापूर्वीं त्यांसच विचारावें. दुखणें जाणवेनासें झालें तरी आंतली जखम भरली असें नव्हे. आणि ती केव्हां भरली हें छातीवर हात ठेवून घरच्यांस समजणारें नाहीं.