उधारीचे अंदाजपत्रक

वर्धा जिल्ह्यातील आंजी (मोठी) हा कपाशी, सोयाबीन व तूर यांचा मुलूख. येथील शेतीचा खर्च जूनमध्ये सुरू होतो; पैसा मात्र सोयाबीनच्या मळणीनंतर आणि सीतादही होऊन वेचलेला कापूस विकला गेल्यावरच हाती येतो. मधल्या काळात बी व खत उधारीवर जाते. अशा गावी विक्री करणाऱ्या संस्थेने किंवा शेतकरी गटाने किती माल खपला एवढेच पाहून भागत नाही; येणे रक्कम केव्हा हाती पडेल, याचाही आगाऊ अंदाज बांधावा लागतो.

त्याची रीत सोपी आहे. महिन्याच्या आरंभीच्या येण्यात त्या महिन्याची उधार विक्री मिळवावी व अपेक्षित वसुली वजा करावी. उरेल ती महिनाअखेरची येणे बाकी.

समजा, 1 जूनला येणे 10,000 रुपये आहे व ते जूनमध्येच वसूल होते. जूनची उधार विक्री 40,000, जुलैची 60,000 व ऑगस्टची 20,000 रुपये आहे. सप्टेंबरमध्ये उधार विक्री नाही. दुधाचा किंवा मजुरीचा पैसा येणारे ग्राहक प्रत्येक विक्रीचा चौथा हिस्सा पुढील महिन्यात देतात. बाकीचे पीक विकल्यावर देतात. मग महिनाअखेरची बाकी अशी निघेल:

जून : 40,000
जुलै : 90,000
ऑगस्ट : 95,000
सप्टेंबर : 90,000

वहीत 90,000 रुपये येणे दिसते, परंतु ते तिजोरीत नाहीत. ऑक्टोबरमध्ये हरभरा व गव्हाचे बी आणावयाचे झाल्यास पैसा कोठून आणणार? हे जूनमध्येच उमगले, तर उधारीस मर्यादा घालता येते किंवा कर्जाची तजवीज वेळीच होते. न उमगल्यास रब्बीच्या तोंडावर सभासदांना रित्या हाताने परतावे लागते.

वसुलीचा अंदाज मागील दोनतीन वर्षांच्या वहीवरून करावा, आशेवरून करू नये. पाऊस ओढ देईल त्या वर्षी तो कमी धरावा. कापसाचे चुकारेही लांबू शकतात. 1972 साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदी योजनेत ते हप्त्यांनी मिळत असल्याचे जुन्या शेतकऱ्यांना स्मरत असेल.

कार्यकर्त्यांनी दर महिन्याच्या अखेरीस अंदाज व प्रत्यक्ष वसुली शेजारी शेजारी मांडावी. तफावत दिसताच ऋणकोची भेट घ्यावी. पीक विकून पैसा अन्यत्र खर्च झाल्यानंतरची भेट व्यर्थ होय.