दोन राउटर आणि अम्मीचा कॅमेरा

भाईजान दोह्याला असतात. अम्मी गावच्या घरी, आमच्याजवळ. पण दिवसभर आम्ही शाळेत, मुले कॉलेजात, त्यामुळे दुपारची ती एकटीच. मागच्या पावसाळ्यात अंगणात पाय घसरून पडली. तासभराने शेजारच्या खालांचे लक्ष गेले. अल्लाहचे शुक्र की हाड मोडले नाही. भाईजानना कळले त्याच रात्री त्यांचा फोन आला : "कॅमेरे लावून घ्या. मला इथून दिसले पाहिजे."

कॅमेरे दोन दिवसांत लागले. भाईजानना मात्र तीन आठवडे काही दिसले नाही. त्या तीन आठवड्यांत आम्ही जे शिकलो ते इथे मांडतो, कारण ज्यांच्या घरचे कुणी ना कुणी आखातात आहे अशा अनेक घरांत आज हीच खटपट चालू आहे.

आमच्या घरात राउटर दोन. पहिला इंटरनेटवाल्याने फायबरबरोबर दिलेला, खालच्या ओटीवर. घराच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, जाड. वरच्या खोलीत वायफाय पोचेना. म्हणून मुलांनी दुसरा राउटर आणला आणि खालच्यातून तार ओढून वर जोडला. कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डब्बा, म्हणजे डीव्हीआर, वरच्याच कपाटात, वरच्याच राउटरला. बसवणाऱ्या मुलाने सांगितले, "सर, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करा, झाले."

पोर्ट फॉरवर्ड म्हणजे काय ते आधी सांगतो. घरातल्या सगळ्या यंत्रांना राउटर आपापला घरगुती पत्ता देतो. तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो आणि घराबाहेर त्याला काही अर्थ नसतो. बाहेरच्या जगाला दिसतो तो राउटरचा एकच पत्ता. बाहेरून कुणी न बोलावता आले तर राउटर त्याला परत पाठवतो, कारण आत कुणाकडे न्यायचे हे त्याला ठाऊक नसते. पोर्ट हा एक क्रमांक. "८००० क्रमांक विचारत कुणी आले तर डीव्हीआरकडे न्या" असे राउटरला लिहून ठेवणे म्हणजे पोर्ट फॉरवर्ड.

आम्ही ते वरच्या राउटरवर लिहिले. दिसेना. पुन्हा लिहिले, राउटर बंद-चालू केला, डीव्हीआर बंद-चालू केला. इशानंतर बसायचे आणि फजरला डोळे चोळत उठायचे, असे चार दिवस. मग एकदा वरच्या राउटरच्या माहितीच्या पानावर 'वॅन' असे लिहिलेल्या रकान्याकडे लक्ष गेले. वॅन म्हणजे राउटरची बाहेरची बाजू. तिथे पत्ता होता १९२.१६८.१.५. बाहेरच्या बाजूलाही घरगुतीच पत्ता! म्हणजे वरचा राउटर जगाच्या दारात नव्हताच, तो खालच्या राउटरच्या घरात राहत होता. पाहुणा खालच्या दारावरूनच परत जात होता आणि आम्ही माडीचे दार उघडून त्याची वाट पाहत होतो.

दोन्ही दारांवर निरोप ठेवणे हा यावरचा एक उपाय. इथे बहुतेकांची चूक होते, आमचीही झाली. खालच्या राउटरवर आम्ही डीव्हीआरचा पत्ता लिहिला. पण खालचा राउटर डीव्हीआरला ओळखतच नाही. त्याला फक्त वरचा राउटर दिसतो. तेव्हा खाली लिहायचे, "८००० आले की १९२.१६८.१.५ कडे द्या", आणि वर लिहायचे, "८००० आले की डीव्हीआरकडे द्या". दोन्ही राउटरच्या आतल्या पत्त्यांची मालिकाही वेगळी हवी. दोघेही १९२.१६८.१ च वाटत असतील तर गोंधळ ठरलेला.

दुसरा उपाय अधिक सुटसुटीत आणि शेवटी आम्ही तोच केला. वरच्या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट' करून टाकले. तो आता पत्ते वाटत नाही, नुसते वायफाय पुढे पोचवतो. ज्या राउटरमध्ये तशी निवड नसते त्यात पत्ते वाटण्याची सोय, म्हणजे डीएचसीपी, बंद करून खालून आलेली तार वॅनऐवजी लॅनच्या भोकात लावायची. त्याआधी त्याचा स्वतःचा पत्ता खालच्या मालिकेतला, पण दुसऱ्या कुणाकडे नसलेला, असा करून घ्यावा. घरात राउटरचे काम करणारा मग एकच उरतो आणि निरोपही एकच.

तरी दिसेना.

खालच्या राउटरचा वॅन पत्ता पाहिला तर तो १०० ने सुरू होणारा. इंटरनेटचे जुने पत्ते मोजून सुमारे ४२९ कोटी. जगातली यंत्रे त्याहून कितीतरी जास्त. म्हणून कंपन्या अनेक घरांना मिळून एक सार्वजनिक पत्ता देतात आणि मधे १००.६४ ते १००.१२७ या मालिकेतले पत्ते वापरतात. म्हणजे आमच्या खालच्या दाराबाहेर कंपनीचे आणखी एक दार होते आणि तिथे निरोप लिहिणे आमच्या हातात नव्हते. कंपनीला फोन केला. तिसऱ्या फोनला उत्तर मिळाले की दरमहा जादा पैसे भरून स्थिर पत्ता मिळेल. पहिल्याच फोनला सांगितले असते तर एक आठवडा वाचला असता! तुम्ही मात्र सुरुवात इथूनच करा. राउटरच्या पानावरचा वॅन पत्ता आणि 'माझा आयपी' दाखवणाऱ्या संकेतस्थळावरचा पत्ता एकच आहे का ते पाहा. नसेल तर आणखी एक दार मधे आहे.

आणखी दोन गोष्टी. वीज जाऊन आली की डीव्हीआरला नवाच पत्ता मिळायचा आणि निरोप भलत्याकडे जायचा. राउटरमध्ये त्याचा पत्ता राखून ठेवता येतो, तो ठेवावा. आणि तपासणी घरच्या वायफायवरून करू नये. बरेच राउटर आतून बाहेर जाऊन पुन्हा आत येणाऱ्याला दार उघडत नाहीत. मोबाईलचा डेटा लावून तपासावे.

शेवटी एका जुम्मारातीला भाईजानना अंगण दिसले. ते तिकडे रडले, आम्ही इकडे. अम्मी तसबीह बाजूला ठेवून म्हणाली, "बाळा, तुझ्या भावाला दिसते ते ठीक. पण हे दार तू त्याच्यासाठीच उघडलेस, की रस्त्यावरच्या कुणालाही?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. दार सगळ्यांसाठीच उघडे होते. आत यायला फक्त एक पासवर्ड, तोही कारखान्यातून आलेला, बसवणाऱ्या मुलाने न बदललेला. २०१६ साली 'मिराई' नावाच्या व्हायरसने असेच कारखान्याचे पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर लाखोंनी ताब्यात घेतले होते. त्या ऑक्टोबरात अमेरिकेत ट्विटर आणि नेटफ्लिक्ससुद्धा काही तास अडले होते. आमच्या अंगणात सुना-मुली ओढणी बाजूला ठेवून कपडे वाळत घालतात. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या घरात न शिरण्याची ताकीद सूरह नूरमध्ये आहे. आम्ही तर परक्यांसाठी स्वतःच खिडकी उघडली होती.

त्याच रात्री ८००० बंद केला आणि पासवर्ड बदलला. एका माजी विद्यार्थ्याने रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक लावून त्यावर वायरगार्ड ही व्हीपीएन बसवून दिली. आता पोर्ट एकच उघडा आहे, वायरगार्डचा, आणि ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला तो उत्तरच देत नाही. भाईजानच्या फोनमध्ये किल्ली आहे. व्हीपीएनबद्दल प्रत्येक देशाचे नियम वेगळे असतात, म्हणून ते त्यांना आधी तिथे विचारून घ्यायला लावले. ज्यांना एवढे जमणार नाही त्यांनी कॅमेऱ्याच्या कंपनीचे ॲप वापरावे. त्याला पोर्ट उघडावा लागत नाही. मात्र त्यात मधे कंपनीचा सर्व्हर असतो, हे जाणून घरातल्या खोल्या कॅमेऱ्याबाहेर ठेवाव्यात.

अम्मीने एक कॅमेरा ओटीकडून वळवून फाटकाकडे करायला लावला. दुसरा पायऱ्यांवर आहे, जिथे ती पडली होती तिथे. असरनंतर भाईजानचा फोन येतो, "अम्मी, पायरीवर पाणी सांडलेय, आधी पुसून घे."