नाव मंजूर होईपर्यंत

बीड जिल्ह्यात संस्था काढायची म्हटलं की पहिली बैठक नावाची होते, आणि नाव निघतं ते बहुधा देवाचं. परळीचा वैद्यनाथ, अंबाजोगाईची योगेश्वरी, बीडचा कंकालेश्वर आणि खंडेश्वरी, नारायणगडाचा नगद नारायण. देव झाले की नद्या आणि डोंगर: बिंदुसरा, सिंदफणा, मांजरा, बालाघाट. मग थोर माणसं. साखर कारखान्यांकडे पाहिलं तरी हेच दिसतं. पांगरीचा कारखाना वैद्यनाथाच्या नावाचा, गेवराईचा जय भवानी. माजलगाव कारखान्याला पुढे लोकनेते सुंदरराव सोळंके यांचं नाव लागलं. ही मोजकी नावं दूध संस्था, मजूर संस्था, पतसंस्था, सगळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या पुरली. ती का पुरली आणि पुढे का पुरेनाशी झाली, हे पाहायचं तर निबंधकाच्या कार्यालयातून सुरुवात करावी लागते.

मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्यात आला तेव्हा इथल्या सहकारी संस्थांना हैदराबाद राज्याचा 1952 चा कायदा लागू होता. महाराष्ट्राचा 1960 चा सहकारी संस्था अधिनियम 1962 पासून अमलात आला आणि मग जी रीत बसली ती आजही ओळखीची आहे. निरनिराळ्या कुटुंबांतल्या किमान दहा माणसांनी एकत्र यायचं, मुख्य प्रवर्तक निवडायचा, सभेचं इतिवृत्त लिहायचं आणि तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे नाव आरक्षणाचा अर्ज द्यायचा. नाव आरक्षित झाल्याचं पत्र मिळालं की बँकेत खातं उघडून भागभांडवल गोळा करता येतं. संस्थेच्या नावामागे गावाचं नाव लागत असल्याने एकाच देवाच्या नावाने दोन तालुक्यांत दोन संस्था सुखाने नांदल्या. अडलंच तर समोरचा अधिकारी जिल्ह्यातलाच असे. तो तोंडी सांगे, हे नाव घेतलेलं आहे, पुढे गावाचं नाव जोडा. या साध्या संवादाची किंमत तो बंद झाल्यावर कळली.

कंपनीचं तसं नव्हतं. बीडच्या माणसाला कंपनी काढायची तर नाव मागायला मुंबईच्या कंपनी निबंधकाकडे, मरीन ड्राइव्हवरच्या एव्हरेस्ट इमारतीत अर्ज धाडावा लागे. 500 रुपये शुल्क, नमुना एक-अ, पसंतीच्या क्रमाने लिहिलेली नावं आणि मग उत्तराची वाट. बीड शहरात रेल्वे आली ती 2025 च्या 17 सप्टेंबरला. तोवर मुंबई म्हणजे रात्रभराची एसटी. शेतकऱ्याने त्या वाटेला जावं असं तिथे काही नव्हतंही. व्यापारी भागीदारी संस्थेवर भागवत. तिची नोंद राज्य सरकारच्या रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे होते.

चित्र बदललं ते 2003 मध्ये. अर्थतज्ज्ञ योगिंदर अलघ यांच्या समितीच्या शिफारशीवरून 1956 च्या कंपनी कायद्यात नवा भाग घातला गेला आणि 6 फेब्रुवारी 2003 पासून दहा शेतकऱ्यांना मिळून ‘उत्पादक कंपनी’ काढता येऊ लागली. सहकाराचं तत्त्व, कंपनीचा साचा. नावाच्या शेवटी ‘प्रोड्युसर कंपनी लिमिटेड’ ही शेपटी सक्तीची. सुरुवातीची काही वर्षं आमच्याकडे याची फारशी चर्चा नव्हती. मग जागतिक बँकेच्या मदतीने चाललेला महाराष्ट्र कृषी स्पर्धाक्षम विकास प्रकल्प आला, 2018 पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात बीड जिल्हा आला, 2020 मध्ये ‘स्मार्ट’ प्रकल्प आणि केंद्राची 10,000 शेतकरी उत्पादक संस्थांची योजना आली. गावोगाव कंपन्या निघू लागल्या आणि देवांची नावं पहिल्यांदाच अडायला लागली.

कारण उघड आहे. कंपनीच्या नावाची हद्द तालुका नाही, अख्खा देश आहे. योगेश्वरी देशभर आहे, वैद्यनाथ झारखंडातही आहे. त्यात नाव नोंदवलं जातं इंग्रजी अक्षरांत. ‘श्री’ किती तऱ्हांनी लिहिता येईल याला सुमार नाही. पण 2019 च्या मे महिन्यात दुरुस्त झालेल्या नियमांप्रमाणे स्पेलिंगमधला किरकोळ फरक, एकवचन-अनेकवचन, दोन शब्दांमधली मोकळी जागा यांनी नाव वेगळं ठरत नाही. असलेल्या नावाचं हिंदी किंवा इंग्रजी भाषांतरही चालत नाही. नुसतं शहराचं किंवा राज्याचं नाव मिळत नाही. ‘राष्ट्रीय’, ‘पंचायत’, ‘मंडळ’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांना सरकारची वेगळी परवानगी लागते.

सगळ्यात जास्त मनाला लागतं ते शिवाजी महाराजांच्या नावाचं. 1950 च्या बोधचिन्हे व नावे कायद्याच्या अनुसूचीत महात्मा गांधी, पंडित नेहरू यांच्यासोबत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आहे आणि व्यापारासाठी ते वापरायला मनाई आहे. ज्या मुलखात चौकाचौकात महाराजांचा पुतळा आहे, तिथल्या तरुणांना हा नकार अपमानासारखा वाटतो. पण विचार केला तर नियम योग्यच आहे. महाराजांच्या नावाने बियाण्याची किंवा खताची पिशवी विकली जाऊ नये, हे आपल्यालाच आधी वाटायला हवं. वाईट इतकंच की ही गोष्ट त्यांना अर्ज फेटाळला गेल्यावर कळते. अर्ज लिहिताना सांगायला कुणी नसतं.

सांगणारा माणूस मधून निघून गेला, हीच या वीस वर्षांतली खरी घडामोड. 2006 मध्ये कंपन्यांसाठी एमसीए-21 ही ऑनलाइन व्यवस्था आली, कागदी अर्ज गेले, संचालक क्रमांक आणि डिजिटल सही आली. 2016 च्या जानेवारीत नावं तपासायचं काम हरियाणातल्या मानेसरच्या केंद्रीय नोंदणी केंद्राकडे गेलं. मुंबईची फेरी वाचली; त्याबरोबर मराठी जाणणारा अधिकारीही दूर गेला. आता ‘सिंदफणा’ ही नदी आहे, आमच्या गावावरून वाहते, हे अर्जात लिहून द्यावं लागतं. ते नीट लिहिलं नाही तर शब्द निरर्थक दिसतो. लिहितो मात्र शहरातला सीए किंवा कंपनी सचिव. त्याने सिंदफणा पाहिलेली असतेच असं नाही.

मुदतीचा त्रास वेगळाच. आरक्षित नाव आधी 60 दिवस टिकत असे. 26 जानेवारी 2018 ला ‘रन’ ही सोपी पद्धत आली. शुल्क 1000 रुपये, पण नाव एकच द्यायचं आणि चुकलं तर दुरुस्ती नाही. टीका झाल्यावर मार्चमध्ये दोन नावं आणि एकदा दुरुस्ती अशी सोय केली गेली, पण मुदत 20 दिवसांवरच राहिली. बीडसाठी 20 दिवस फार थोडे. दहा जणांचे पॅन, आधार, शेतकरी असल्याचे दाखले, सह्या. त्यात दसरा-दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेली. सभासद फडावर आणि नाव इकडे संपत चाललेलं, हा पेच मानेसरला दिसणं शक्य नव्हतं. फेब्रुवारी 2020 मध्ये ‘स्पाइस प्लस’ अर्ज आला, त्यात नाव आणि नोंदणी एकदमच मागता येते. 2021 पासून जादा शुल्क भरून मुदत 40 किंवा 60 दिवसांपर्यंत वाढवता येऊ लागली. हा बदल मला मनापासून स्वागतार्ह वाटतो, उशिरा झाला तरी.

नाव मिळालं म्हणजे जिंकलं, अशी समजूत मात्र घट्ट आहे आणि ती महाग पडते. कंपनीचं नाव म्हणजे ट्रेडमार्क नव्हे. नोंदणीनंतर तीन वर्षांच्या आत ट्रेडमार्कचा मालक हरकत घेऊ शकतो आणि सरकार नाव बदलायला लावू शकतं. योजनेपुरत्या काढलेल्या कंपन्यांची गत याहून वाईट. वार्षिक विवरणपत्रं भरली नाहीत तर 1 जुलै 2018 पासून प्रत्येक विवरणपत्राला रोज 100 रुपये जादा शुल्क चढतं, शेवटी निबंधक कंपनीच पटावरून काढतो, आणि तसं काढलेलं नाव 20 वर्षं दुसऱ्या कुणाला मिळत नाही. गावाच्या देवाचं नाव एका निष्क्रिय कंपनीपायी पुढच्या पिढीलाही बंद होतं, याची जाणीव अर्जावर सही करणाऱ्याला कुणी करून देत नाही.

आणि नाव मंजूर होणं म्हणजे भरवशाची पावती तर मुळीच नव्हे. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेट या पतसंस्थेचं नाव दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडे रीतसर नोंदलेलं होतं. ठेवीदारांचे पैसे अडकले तेव्हा त्या नोंदणीचा त्यांना काही उपयोग झाला नाही. निबंधक पाहतो ते इतकंच की हे नाव दुसऱ्याचं नाही. त्या नावाखाली कारभार कसा चालेल, हे नाव तपासताना कुणीच पाहत नसतं.

याच काळात जिल्ह्याने एक नाव मात्र चांगलं राखलं. 2016 मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. ते एका कंपनीचं नाही; बालाघाटाच्या उतारावर सीताफळ पिकवणाऱ्या प्रत्येकाचं आहे.

कंपनी काढायला बसलेल्या मंडळींना एवढीच विनंती आहे. नाव सीएवर सोपवू नका. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या आणि ट्रेडमार्कच्या संकेतस्थळावर नावं फुकट शोधता येतात. गावातला कोणीही शिकलेला मुलगा किंवा मुलगी मोबाइलवर हे करू शकते. इंग्रजीत जितक्या तऱ्हांनी ते नाव लिहिता येईल तितक्या तऱ्हांनी शोधा. दोन नावं तयार ठेवा, दोन्हींचा अर्थ स्वतः लिहून द्या. आणि दहाही जणांचे कागद हातात आल्याशिवाय, माणसं फडावर जायच्या आत सह्या झाल्याशिवाय, नावाचा अर्ज करू नका.